वतनाचा रकाना

माझ्या धाकट्या भावाने आमच्या घरात जेवढं नुकसान केलं, तेवढं सगळं मदत म्हणून केलं. हे त्याच्या बाजूचं वाक्य आहे असं आईला कधी वाटलं नाही. ती म्हणायची, खोड्या करणाऱ्या पोराला दोन धपाटे घालता येतात. मदत करणाऱ्याला काय करायचं?

तो तेव्हा नऊ वर्षांचा होता, मी पंधराची. काचीगुड्यात स्टेशनच्या मागच्या बाजूला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीण राहायची. ती तेलुगू होती आणि तिला सगळे अम्मा म्हणायचे. उन्हाळ्यात अम्मा आंब्याच्या लोणच्याच्या बरण्या गच्चीवर उन्हात ठेवायची. उन्हाने बरण्या तडकतील असं भावाला वाटलं. त्याने सातही बरण्या एकट्याने उचलून पाण्याच्या टाकीखाली सावलीत नेल्या. टाकी गळत होती. आठ दिवसांनी अम्माने फडकी सोडली तेव्हा पाच बरण्यांत बुरशी होती. त्याच महिन्यात वडिलांची शाई संपत आली म्हणून त्याने दौतीत पाणी घालून ती पुन्हा भरून ठेवली. वडिलांनी त्या शाईने कचेरीतल्या एका दप्तराची बावीस पानांची नक्कल केली. वाळल्यावर ती वाचता येईना. दोन्ही वेळा त्याने गुन्हा लपवला नाही. उलट कोणी विचारायच्या आत त्याने काय केलं ते सांगितलं, आणि आपलं कौतुक व्हायला उशीर का होतोय ते त्याला कळेना.

त्या वर्षी हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला जोडले गेले, आणि आम्ही राहत होतो ते शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. जिल्ह्यांतल्या सरकारी नोकरांचा प्रश्न फारसा नव्हता. जिल्हा गेला तिकडे तेही गेले. वडील मात्र शहरातल्या मुख्य कचेरीत कारकून होते. तिथल्या माणसांची वाटणी करावी लागली. एके दिवशी दुपारी फळ्यावर याद्या लागल्या. वडिलांचं नाव मुंबई राज्याच्या यादीत होतं, पुढे ठिकाण होतं औरंगाबाद.

वडिलांना औरंगाबादचं वावडं नव्हतं. अडचण आईची होती. ती शहरातल्या एका मराठी मुलींच्या शाळेत शिकवायची. सहा वर्षं तिची नेमणूक दर जूनमध्ये नव्याने व्हायची आणि दर एप्रिलमध्ये संपायची. मे महिन्यात ती हेडबाईंच्या घरी दोनदा जाऊन यायची. परत आल्यावर काय झालं ते सांगायची नाही. त्या जूनमध्ये ती कायम झाली होती. नेमणुकीचं पत्र तिने साड्यांच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं होतं. वडील औरंगाबादला गेले असते तर तीही गेली असती, आणि ते पत्र पुढे कोणाला दाखवण्याच्या उपयोगाचं राहिलं नसतं. तिकडे पुन्हा जून ते एप्रिल.

वडिलांचं नाव त्या यादीत का गेलं, हे शोधायला फार खोल जावं लागलं नाही. त्यांच्या सर्व्हिस बुकात वतनाचा, म्हणजे मूळ गावाचा, एक रकाना होता. त्यात वडिलांनी परभणी जिल्हा, जिंतूर तालुका आणि पुढे एका गावाचं नाव लिहिलं होतं. नोकरीला लागताना लिहिलं, आणि पुढे बढतीच्या, कर्जाच्या, विम्याच्या अशा प्रत्येक फॉर्मात तेच लिहिलं. त्या गावातून वडिलांचे आजोबा हैदराबादेत नोकरीला आले होते. वडील स्वतः तिथे सगळे मिळून तीनदा गेले होते; दोन लग्नं आणि एक तेरावा. पण आमच्या लोकांची रीत अशी होती की तीन पिढ्या हैदराबादेत राहिलं तरी माणूस हैदराबादेत राहतो असं म्हणायचं, हैदराबादचा आहे असं म्हणायचं नाही. गाव वेगळं असायला हवं. ज्याला गाव सांगता येत नाही, त्याच्याकडे सोयरीक करायच्या आधी लोक दोनदा विचार करत.

ही रीत मुलांना लहानपणीच शिकवली जायची. पाहुणा आला की मुलाला पुढे उभं करायचं. पाहुणा विचारायचा, "गाव कोणतं रे तुझं?" भाऊ हात मागे बांधून म्हणायचा: "परभणी जिल्हा, जिंतूर तालुका, पूर्णा नदीच्या काठी. वेशीतून आत गेलं की तिसरं घर. दारात कडुनिंब, मागे आड. कुलदैवत तुळजापूरची भवानी." मग वडील त्याला पेपरमिंटची गोळी द्यायचे. मीही हा पाठ म्हटला होता, पण माझ्याकडून तो लवकर बंद झाला. मुलीचं गाव बदलतं, असं वडिलांचं म्हणणं. भावाला तो फार आवडायचा. गाव त्याने कधी पाहिलं नव्हतं.

वडिलांनी अर्ज केला. जन्म इथला, शिक्षण इथलं, बायको इथे कायम नोकरीत; तरी इथेच ठेवावं. सोबत आईच्या नेमणुकीच्या पत्राची नक्कल जोडली. अर्जावर घरी येऊन चौकशी करायचा शेरा पडला. रविवारी सकाळी एक मुन्शीजी येणार असल्याचं कळलं.

आईने शनिवारपासून तयारी केली. भाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, आमचे शाळेचे दाखले, आणि ट्रंकेतून काढलेलं तिचं पत्र, असे कागद तिने एकाखाली एक लावले. मग ती भावाकडे वळली.

"तू उद्या मामाकडे अंबरपेठेला."

"का?"

"मामाने बोलावलंय."

"मामाने नाही बोलावलं. मुन्शीजी येणार म्हणून तू पाठवतेस."

"बरं, म्हणून पाठवते. संध्याकाळपर्यंत यायचं नाही."

"आई, मी काही बोलणार नाही. नुसता बसेन."

"तू नुसता बसलास की मला जास्त भीती वाटते," आई म्हणाली.

त्याला शनिवारीच पोचवलं. मामाला सांगून ठेवलं होतं की हवं तर सिनेमाला पैसे द्या, पण त्याला सोडू नका.

मुन्शीजी दहाला आले. शेरवानी, टोपी, हातात कापडी पिशवी. बोलणं सावकाश आणि अदबीचं. त्यांनी प्रत्येक कागद पाहिला, तारखा उतरवून घेतल्या, आईला "बहनजी" म्हणून दोन प्रश्न विचारले. पाऊण तासात काम झालं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. आई चहा आणायला उठली आणि जिन्यावर पावलं वाजली.

भाऊ अंबरपेठेहून चालत आला होता. सिनेमाच्या पैशांत त्याने इराण्याच्या हॉटेलातून पुडाभर उस्मानिया बिस्किटं घेतली होती. घरात शंकरपाळ्यांशिवाय काही नाही हे त्याला माहीत होतं, आणि आईच्या नोकरीचं काम घेऊन आलेल्या माणसापुढे शंकरपाळे ठेवणं त्याला बरं वाटलं नाही. बशी घेऊन तो स्वतःच बाहेरच्या खोलीत गेला. आईने त्याचा सदरा मागून धरला होता, पण सुटला.

"माशाअल्लाह," मुन्शीजी म्हणाले. "साहबज़ादे हैं? बैठो बेटा. किदर के हैं तुम लोगां?"

मुन्शीजींनी हे चौकशी म्हणून विचारलं नव्हतं. चहा घेताना मुलाशी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं होतं. पण भावाला तो प्रश्न ओळखीचा होता. त्याने बशी खाली ठेवली, हात मागे बांधले आणि पाठ सुरू केला. फक्त पाहुण्याच्या सोयीसाठी तो शहराच्या भाषेत केला.

"हमारा वतन परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. पूर्णा नदी के बाजू. वेस में से अंदर गये तो तीसरा घर. सामने नीम का झाड, पीछे आड. कुलदैवत तुळजापूर की भवानी."

"बस, पुरे," वडील म्हणाले.

त्याला वाटलं, कमी पडलं. "बीस बैलां हैं," तो म्हणाला. "काका हैं. हमारे वास्ते अलग कमरा रखे. बाबा गये तो गांव के सब लोगां सलाम करते."

मुन्शीजींनी टोपण काढलं. "अच्छा. कब गये थे?"

"गये दिवाली कू."

"मुन्शीजी, ये कभी गया नहीं," वडील म्हणाले. "पाठ है. रटा हुआ है."

"रटाया किसने?"

खाली अम्मा बादली घासत होती, तो आवाज येत राहिला.

"मैंने," वडील म्हणाले.

मुन्शीजींनी मान हलवली आणि पुन्हा भावाकडे वळले. "बेटा, स्टेशन से घर कित्ता दूर?"

"सामनेच. इंजन की सीटी आती घर में."

"जिंतूर में रेल नहीं है, बेटा," मुन्शीजी म्हणाले. "मैं चार साल था उदर तहसील में. दो बार मलेरिया लेके आया." ते हसले. वडीलही हसले, आणि आई दारातून आत आली. भाऊ एकटा हसला नाही. रेल्वे नसलेल्या गावाचा त्याने बहुतेक विचारच केला नव्हता.

"बच्चे का मैं लिखता नहीं," मुन्शीजी म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून सर्व्हिस बुकाचा उतारा काढला आणि वतनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मगर ये बच्चे ने नहीं लिखा. ये आपका हात है, रावसाहब. पहले का भी, बाद का भी. इसकू काटना है तो आपीच काटिये."

काय लिहायचं तेही त्यांनी सांगितलं. माझं वतन हैदराबाद. परभणी जिल्ह्यात माझं घर नाही, तिथल्या जमिनीशी माझा संबंध नाही, तिथे राहायला जायचा इरादा नाही. खाली सही. वडिलांचं उर्दू अक्षर कचेरीत नावाजलेलं होतं. पहिलं वाक्य त्यांनी एका दमात लिहिलं. मग हात थांबला.

"अहो, लिहा ना," आई म्हणाली.

"लिहितोय."

"पेन वर आहे तुमचं."

"दादाला कळलं तर?" वडील म्हणाले. दादा म्हणजे गावचे चुलतभाऊ, आमचे काका.

"दादांना कोण सांगायला जातंय?" आई म्हणाली. ती मराठीतच आणि हळू बोलत होती, पण मुन्शीजींना मराठी कळत होती. ते खिडकीबाहेर पाहू लागले. "सहा वर्षं मी हेडबाईंच्या दारात उभी राहिले. तुम्ही तीन ओळी लिहू शकत नाही?"

"बाबा, मी चुकलो का?" भावाने विचारलं.

"गप्प बस."

"पण तुम्हीच शिकवलं होतं."

"आत जा," आई म्हणाली. तो आत गेला. वडिलांनी उरलेली दोन वाक्यं लिहून सही केली. मुन्शीजींनी कागद वाळू दिला, दोन बिस्किटं खाल्ली, आईला सलाम केला आणि गेले.

त्यानंतर घरात या विषयावर बोलणं झालं नाही. वडिलांनी भावाला मारलं नाही; मारायला कारण काय सांगायचं हे त्यांना ठरवता आलं नसावं. तो तीन दिवस गप्प होता. हे लक्षण वाईट आहे हे आम्हाला कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी मनमाडच्या गाडीने काका आले. न कळवता आले. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि खिशात पोस्टकार्ड. जेवायला बसायच्या आधी त्यांनी ते वडिलांच्या हातात दिलं. "पोराचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

कार्डावर लिहिलं होतं: "तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार. आमच्याकडे एक मुन्शीजी आले होते. त्यांनी बाबांना आपलं गाव नाही असं लिहायला लावलं. बाबांनी ते मनापासून लिहिलं नाही. मी त्यांना सगळं बरोबर सांगितलं होतं, फक्त स्टेशन चुकलं. आपण रागावू नये. आमची खोली तशीच ठेवावी."

वडिलांनी ते दोनदा वाचलं. "हे तू टाकलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं होतं म्हणून," भाऊ म्हणाला.

"मी तुला म्हटलं होतं मला वाईट वाटलं?"

"नाही. पण दिसत होतं."

आई चुलीपाशी होती. "याला कोणीतरी सांगा," ती म्हणाली, "दिसलं ते सगळं कळवायचं नसतं."

काका रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. पोट भरून जेवले, सुपारी कातरली आणि पिशवीच्या तळातून घडी घातलेला कागद काढला. सामायिक जमिनीतलं वडिलांचं नाव कमी करून ते काकांच्या एकट्याच्या नावावर करण्याचा तो कागद होता. मजकूर लिहून तयार होता. सहीची जागा मोकळी होती.

"तू तिकडे सरकारला लिहून दिलंसच आहे," काका म्हणाले. "मग इकडेही दे. एकदाच काय ते."

"दादा, ते नोकरीपुरतं होतं."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतो? पण दर साली पटवारी विचारतो, दुसरा भाऊ कुठाय? मी म्हणतो हैदराबादेत. तो म्हणतो, सही आणा. मी कुठून आणू? तू काय शेंगा खायला तरी येतोस का?"

वडिलांनी कागद गुडघ्यावर ठेवून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून. नाही म्हणायला त्यांच्याकडे काय होतं? संबंध नाही हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं, आणि ते आता परत घ्यावं तर अर्ज पडतो आणि आईची नोकरी जाते. आईने तव्यावरची भाकरी उलटली. तिने या सगळ्यात एकदाही मान वर केली नाही. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि सही केली.

"काका, आमची खोली?" भावाने विचारलं.

"कसली खोली?"

"आमच्यासाठी ठेवलेली."

"तिथे कडबा असतो रे," काका म्हणाले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते गेले. वडील त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. घरापासून पाच मिनिटांची वाट होती, पण परतायला त्यांना दुपार झाली.

अर्जाचा निकाल सहा आठवड्यांनी लागला. वडिलांना हैदराबादेत ठेवलं होतं. हुकूम टाइप केलेला, अर्ध्या पानाचा. कारणाची ओळ एकच होती: पत्नी येथील शाळेत कायम नोकरीस आहे. सोबतच्या कागदांत आईच्या नेमणुकीच्या पत्राची नक्कल एवढीच नोंद होती. वतनाचा उल्लेख नव्हता. वडिलांनी कचेरीत त्या विभागातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. त्याने फाइल काढून दाखवली. निर्णय मुन्शीजी आमच्याकडे यायच्या चार दिवस आधीच झाला होता; सही व्हायला वेळ लागला, इतकंच. चौकशीचा अहवाल आणि वडिलांचं ते तीन ओळींचं निवेदन फायलीला अजून लागलेलं नव्हतं. ते कुठे आहे हे त्या माणसाला सांगता आलं नाही.

हे वडिलांनी घरी येऊन सांगितलं. सांगताना त्यांनी बूटही काढले नव्हते.

"म्हणजे लिहायची गरज नव्हती," आई म्हणाली.

"नव्हती."

"आणि दादांचा कागद?"

"तो लागला. पटवाऱ्याने फेरफार केला म्हणून दादाचं कार्ड आलंय."

आई बराच वेळ हुकमाकडे बघत होती. तिला आनंद झाला होता, आणि तो दाखवायची सोय तिला उरली नव्हती. भावाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वडिलांनी नुसता हात वर केला. त्याने तोंड मिटलं. मला वाटतं, सांगितल्याबरोबर तो गप्प बसल्याची ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी आईने हुकूम पर्समध्ये घातला आणि हेडबाईंना दाखवायला रोजच्यापेक्षा अर्धा तास लवकर निघाली. वडिलांनी कचेरीला जायच्या आधी काकांना पत्र लिहिलं. आम्ही इथेच राहतो आहोत, शेंगा चांगल्या होत्या, वहिनींची तब्येत कळवावी. गावाबद्दल त्यात काही नव्हतं. पत्राला पत्ता घालून ते त्यांनी पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. भाऊ चप्पल घालून, पत्रासाठी हात पुढे करून दारात उभा होता.